जुन्या गाडीचे इंजिन ऑईल : काय घ्यावे, केव्हा बदलावे

आपल्या समाजातील कपड्याचे, भांड्यांचे, फळांचे, बांगड्यांचे बहुतेक लहान व्यापारी आज जुन्या गाडीवर धंदा करतात. कोणाकडे मारुती ओम्नी आहे, कोणाकडे आठशे, कोणाकडे बोलेरो किंवा सुमो. ती शोरूममधून आणलेली नसते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडून, एक-दीड लाख किलोमीटर फिरून आलेली असते. कळंबहून निघून जंक्शन, लासुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, इकडे बारामती, नीरा नदीपलीकडे अकलूज असे बाजार करायचे तर गाडी सकाळी सुरू झालीच पाहिजे. लग्नसराईत किंवा रमजानच्या शेवटच्या अशऱ्यात ती आठ दिवस गॅरेजमध्ये पडून राहिली, तर होणारे नुकसान मिस्त्रीच्या बिलात येत नाही, ते गल्ल्यात दिसते.

आणि तरीही तेलाच्या दुकानात आपण कसे वागतो ते पाहा. कापडाचा व्यापारी ठाण उलगडून बघेल, सूत कोणते, काठ कसा, धुतल्यावर आटेल किती, हे दहा वेळा विचारील. मीटरमागे आठ आण्यांची घासाघीस करील. पण ज्या इंजिनावर त्याचा सारा धंदा चालतो त्याचे तेल घेताना तो फक्त म्हणतो, "चांगला डबा द्या." दुकानदार ज्या डब्यावर त्याला जास्त सुटते तो डबा देतो. नाहीतर मिस्त्री म्हणतो, "गाडी जुनी झाली, आता जाड तेल टाका," आणि आपण मान डोलावतो.

जुन्या गाडीला महागडे तेल लागत नाही. तिला योग्य नंबरचे, योग्य दर्जाचे आणि वेळेवर बदललेले तेल लागते. हे तिन्ही समजायला इंजिनिअर व्हावे लागत नाही.

तेल करते काय

इंजिनात तेल फक्त घर्षण कमी करते अशी समजूत आहे. ते काम आहेच, पण एवढेच नाही. पिस्टन आणि क्रँकच्या भागातील उष्णता ते वाहून नेते. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यातील बारीक फट भरून काढते. लोखंडाला गंज चढू देत नाही. आणि जळणातून येणारी काजळी, आम्ल, ओलावा स्वतःच्या अंगावर घेते. या शेवटच्या कामासाठी तेलात साबणासारखी रसायने मिसळलेली असतात. ती मळ सुटा करतात आणि तरंगत ठेवतात, म्हणजे तो फिल्टरपर्यंत जाईल किंवा तेलाबरोबर बाहेर पडेल.

म्हणून नवे तेल थोड्याच दिवसांत काळे पडले तर दुकानदाराशी भांडू नये. डिझेल गाडीत ते काही शे किलोमीटरमध्येच काळे होते. काळे झाले म्हणजे ते धुण्याचे काम करीत आहे. उलट वर्षभर चालवूनही तेल सोनेरीच राहिले, तर त्यात ती रसायने आहेत की नाहीत याचीच शंका घ्यावी. मात्र साबणाच्या पाण्यात मळ मावण्याला जशी सीमा असते तशी तेलालाही असते. ती रसायने संपली की तेल मळ धरून ठेवीत नाही. मग मळ चेंबरच्या तळाशी, व्हॉल्व्हच्या झाकणाखाली, तेलाच्या बारीक वाटांमध्ये डांबरासारखा बसतो. इंजिन खरे तिथेच मरू लागते, आणि बाहेरून महिनोन् महिने काही कळत नाही.

डब्यावरील आकडे

डब्यावर मोठ्या अक्षरात २० डब्ल्यू ४०, १५ डब्ल्यू ४०, १० डब्ल्यू ३०, ५ डब्ल्यू ३० असे छापलेले असते. हे आकडे एसएई या अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने ठरविलेले आहेत. त्यांचा तेलाच्या चांगल्या-वाईटपणाशी संबंध नाही, ते फक्त दाटपणा सांगतात. आमच्या कापडधंद्यातील माणसाची इथे फसगत होऊ शकते, कारण सुताच्या नंबरात ६० चे सूत ४० पेक्षा बारीक असते. तेलात उलटे आहे. आकडा मोठा तेवढे तेल दाट.

यातील डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनात तेल कसे वागेल ते सांगतो आणि नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनात. ४० नंबरच्या तेलाचा दाटपणा १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या मापात बसावा लागतो. ३० नंबरचा ९.३ ते १२.५, आणि ५० नंबरचा १६.३ ते २१.९. थंडीतील कसोटी मात्र आपल्या हवामानाच्या फार खालची आहे. २० डब्ल्यू तेलाची परीक्षा शून्याखाली १५ अंशांवर होते, ५ डब्ल्यूची शून्याखाली ३० अंशांवर. इंदापूर-बारामतीकडे पौषातली कडक थंडीसुद्धा शून्याच्या पुष्कळ वर राहते. म्हणून २० डब्ल्यू तेलाने आपल्याकडे गाडी सुरू होत नाही असे होणार नाही. पण सकाळी गाडी सुरू केल्यावर पातळ तेल वरच्या भागापर्यंत लवकर पोचते आणि इंजिनाची बरीच झीज त्या पहिल्या काही क्षणांतच होते, हेही खरे. त्यामुळे कंपनीच्या पुस्तकात १५ डब्ल्यू ४० आणि २० डब्ल्यू ४० अशी दोन्ही दिली असतील तर मी पहिले घेईन. पुस्तकात एकच असेल तर तेच.

पूर्वी ३० नंबर, ४० नंबर असे एकेरी तेल मिळे आणि विहिरीवरील इंजिनांना अजूनही वापरले जाते. दुहेरी आकड्याच्या तेलात एक प्रकारचे रबरासारखे रसायन असते, ते गरम झाल्यावर तेलाला फार पातळ होऊ देत नाही. गरम केल्यावर हे तेल दाट होते असे काही मिस्त्री सांगतात, ते बरोबर नाही. कोणतेही तेल तापले की पातळच होते, हे फक्त कमी पातळ होते. वापरात त्या रसायनाचे बारीक तुकडे होत जातात आणि ४० नंबरचे तेल हळूहळू ३० च्या जवळ येते. तेल संपलेले नसले, पट्टीवर पुरेपूर दिसत असले, तरी ते जुने होते याचे हे एक कारण.

दर्जा कोणता, हे बारीक अक्षरांत असते

नंबर सर्वांना दिसतो. दर्जा डब्याच्या मागे बारीक अक्षरांत असतो, आणि चष्मा काढून तो वाचण्याचे कष्ट कोणी घेत नाही. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआय, हिने ही पद्धत घातली आहे. पेट्रोल इंजिनासाठी एस ने सुरू होणारी अक्षरे, डिझेलसाठी सी ने सुरू होणारी. पुढचे अक्षर जितके नंतरचे तितका दर्जा नवा. पेट्रोलमध्ये एसजे, एसएल, एसएम, एसएन असा क्रम आहे. २०२० मध्ये एसपी आला आणि २०२५ मध्ये एसक्यू. डिझेलमध्ये सीएफ-४, सीएच-४, सीआय-४, सीजे-४ आणि २०१६ च्या अखेरीस आलेला सीके-४.

पेट्रोलच्या तेलात नवा दर्जा सहसा जुन्या गाडीलाही चालतो. पुस्तकात एसएफ लिहिले असेल आणि बाजारात एसएल किंवा एसएन मिळत असेल तर बेशक घ्यावे. उलट मात्र करू नये. डिझेलमध्ये पुस्तक पाहूनच घ्यावे. जुन्या बोलेरो-सुमोला सीएच-४ किंवा सीआय-४ दर्जाचे १५ डब्ल्यू ४० पुरते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळीची जाळी असते, तिच्यासाठी कमी राखेचे महाग तेल लागते. जुन्या गाडीत ती जाळीच नाही, मग तिच्यासाठी पैसे कशाला मोजायचे?

ज्या डब्यावर एपीआयचा दर्जाच लिहिलेला नाही, फक्त "सुपर", "गोल्ड", "पॉवर" असे शब्द आणि धावत्या घोड्याचे चित्र आहे, तो परत ठेवावा. एसए नावाचा एक अगदी जुना दर्जा आहे. त्यात कसलीच रसायने नसतात आणि १९३० नंतरच्या इंजिनांना तो योग्य नाही असे खुद्द एपीआय सांगते. स्वस्त खुल्या तेलात पुष्कळदा यापेक्षा वेगळे काही मिळत नाही.

मोटारसायकलच्या तेलावर आणखी एक खूण असते, जासो एमए. मोटारसायकलचा क्लच तेलातच बुडालेला असतो म्हणून तिचे तेल वेगळे. पातळ नंबरच्या मोटारीच्या तेलात घर्षण फार कमी करणारी रसायने असू शकतात आणि ते मोटारसायकलमध्ये टाकले तर क्लच घसरू लागतो. घरातील मुले उरलेले तेल गाडीत ओततात, त्यांना हे सांगून ठेवावे.

पद्मिनी आणि जस्ताचा प्रश्न

कळंबला लागूनच ज्यांच्या नावाने वालचंदनगर वसले आहे, त्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे १०८९ सीसीची पद्मिनी निघाली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, पण शौकाने किंवा बापाची निशाणी म्हणून ही गाडी सांभाळणारे लोक आपल्या भागात आहेत. त्यांच्यासाठी एक बाब वेगळी आहे.

अशा जुन्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली असतो आणि त्याच्या उंचवट्यावर सपाट तळाचा टॅपेट घासतो. तेवढ्याशा जागेवर दाब फार मोठा येतो. तिथे तेलाचा थर तुटला तर जस्त आणि फॉस्फरसचे एक रसायन धातूवर पातळ कवच धरते आणि झीज वाचविते. पण फॉस्फरस धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधतो, म्हणून नव्या दर्जाच्या तेलांत त्याच्यावर मर्यादा आली. तेव्हापासून जुन्या गाड्यांचे शौकीन चिंतेत आहेत, आणि जस्ताच्या बाटल्या वेगळ्या विकणाऱ्यांचे फावले आहे.

ही चिंता पातळ तेलांपुरती खरी आहे. एपीआयची ती मर्यादा ५ डब्ल्यू ३०, १० डब्ल्यू ३० अशा नंबरांना लागू आहे. २० डब्ल्यू ४०, १५ डब्ल्यू ४०, २० डब्ल्यू ५० यांना त्या दर्जाखाली ती लागू होत नाही. म्हणजे पद्मिनीवाल्याने नामांकित कंपनीचे २० डब्ल्यू ४० किंवा, इंजिन बरेच झिजले असेल तर, २० डब्ल्यू ५० घेतले की झाले. वेगळी बाटली घेण्याची गरज नाही. ओम्नी आणि आठशेवाल्यांनी तर या वादात पडूच नये, पुस्तकातला नंबर वाचावा.

"जुनी गाडी, जाड तेल"

हा सल्ला इतका सर्वत्र ऐकू येतो की त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. त्यात सत्याचा अंश आहे. इंजिन झिजले की फटी वाढतात, गरम झाल्यावर पातळ तेल त्यांतून लवकर निसटते, दाब पडतो. अशा वेळी ४० च्या जागी ५० नंबर टाकला तर दाब थोडा सुधारतो, तेल जळण्याचे प्रमाण थोडे कमी होते. उन्हाळ्यात, भरल्या मालाने लांबचे बाजार करणाऱ्याला त्याचा काही काळ फायदाही होतो.

पण गाडी नुसती वयाने जुनी आहे, धूर नाही, पाच हजार किलोमीटरमध्ये पट्टीवरचे तेल फारसे उतरत नाही, तर नंबर बदलण्याचे कारण काय? तिथे जाड तेल टाकले तर सकाळी ते वर पोचायला उशीर लागतो, इंजिन जड चालते, डिझेल-पेट्रोल जास्त जाते. गाडीचे वय आरसी बुकावर असते. इंजिनाचे वय धुरात आणि तेलाच्या पट्टीवर दिसते.

धुराचेही प्रकार ओळखावेत. सकाळी सुरू करताना एक निळा झोत येतो आणि मग थांबतो, तर बहुधा व्हॉल्व्हची रबरी सील गेली आहे. ते काम तुलनेने लहान आहे. चढावर किंवा रेस वाढविल्यावर सतत निळा धूर, तर रिंगा किंवा सिलिंडर. काळा धूर तेलाचा नाही, जळणाचा आहे, त्यासाठी कार्ब्युरेटर किंवा नोझल पाहावे. पांढरा दाट धूर थांबतच नसेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर गाडी चालविणे बंद करावे. हेड गॅस्केट गेलेले असण्याचा संभव असतो आणि पाणी तेलात मिसळले की तेल दुधाच्या चहासारखे होते. त्या तेलावर दहा किलोमीटर जाणेही महागात पडते.

जाड तेलाचा खरा खप कुठे होतो, हे जुन्या गाड्यांच्या बाजारात जाणाऱ्यांना ठाऊक आहे. आवाज करणाऱ्या, धूर सोडणाऱ्या गाडीत विक्रीच्या आदल्या दिवशी जाडात जाड तेल आणि वर धूर बंद करणाऱ्या औषधाची बाटली ओततात. गाडी दोन दिवस शांत चालते. गिऱ्हाईक पैसे देऊन घरी जाते आणि पंधरवड्यात गॅरेज गाठते. बाजारात धान्याच्या राशीत हात घातल्यावर आत ओल लागली तेव्हा हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी विक्रेत्याला जाब विचारला, ही हदीस आपल्यातील प्रत्येक व्यापाऱ्याने लहानपणी ऐकली आहे. जाड तेलाने झाकलेले इंजिन ही त्याच ओल्या धान्याची रास आहे. गाडी विकायची तर विका, पण तेल जळते हे सांगून विका, आणि भाव त्याप्रमाणे घ्या. घेणाऱ्यानेही गाडी थंड असतानाच पाहावी, स्वतः सुरू करावी, पट्टी काढून तेल बोटावर घ्यावे. मधासारखे ओघळत असेल तर दोन प्रश्न अधिक विचारावेत.

सिंथेटिक तेलाबद्दल थोडेसे. ते जुन्या गाडीला विष आहे असे सांगणारे आहेत आणि अमृत आहे असे सांगणारेही आहेत. दोन्ही बोलणे दुकानातले आहे. उष्णतेला ते जास्त टिकते, मिसळले तरी बिघडत नाही. पण ज्या इंजिनाची सील जुनी होऊन मळाच्या थरानेच गळती थांबली आहे, तिथे ते मळ साफ करते आणि गळती उघडी पडते. पाच हजारांवर तेल बदलणाऱ्या माणसाला साधे मिनरल तेल पुरते. तिप्पट भावाचे तेल टाकून ते तीनपट चालविण्याचा हिशेब जुन्या गाडीत जमत नाही, कारण तेल टिकले तरी त्यातली काजळी आणि धूळ तिथेच राहते.

केव्हा बदलावे

पुस्तकात किलोमीटर आणि महिने असे दोन्ही दिलेले असतात, जे आधी पुरे होईल ते धरायचे. कार्ब्युरेटरच्या जुन्या पेट्रोल गाडीला आणि जुन्या डिझेल जीपला पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने हे माप मी योग्य समजतो. नव्या गाड्यांचे दहा हजारांचे माप जुन्या गाडीला लावू नये.

महिन्यांचे कलम लोक विसरतात. "गाडी फिरलीच नाही, तेल कशाला बदलायचे?" असा सवाल असतो. पण घर ते दुकान, दुकान ते मशीद, मशीद ते घर अशी दोन-तीन किलोमीटर फिरणारी गाडी हीच तेल सर्वांत लवकर नासविते. इंजिन पुरते तापत नाही, आत धरलेला ओलावा वाफ होऊन निघून जात नाही, चोक लावल्यामुळे न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या कडेने तेलात उतरते. महामार्गावरून अकलूज-पंढरपूर करणाऱ्या गाडीचे तेल त्यामानाने चांगले राहते.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. आपल्याच भागातील उसापासून बनणारे हे इथेनॉल २०२३ पासून वीस टक्के प्रमाणात पेट्रोलमध्ये येऊ लागले. ते हवेतील ओलावा धरते आणि जुन्या काळच्या रबराला मानवत नाही. कार्ब्युरेटरच्या ओम्नी, आठशे आणि पद्मिनीला पेट्रोल ओढणारा जो यांत्रिक पंप असतो, त्यात रबरी पडदा असतो. तो फाटला तर पेट्रोल थेट इंजिनच्या तेलात उतरू शकते. म्हणून तेलाची पट्टी, मिस्त्री जिला गेज म्हणतात ती, दर आठवड्याला पाहावी. तेल कमी झालेले सर्वांना कळते. ते वाढलेले दिसले आणि पेट्रोलचा वास आला, तर गाडी उभी करून आधी पंप तपासावा. पाईप आणि पडदे आजच्या पेट्रोलला चालणाऱ्या रबराचे घालून घ्यावेत.

दुसरी आपल्याकडची बाब धुळीची. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून कच्च्या रस्त्याने जाणारी गाडी जी धूळ ओढते ती वाळूच असते. एअर फिल्टर फाटका किंवा सैल असेल तर ती धूळ तेलात जाऊन कानशीसारखी घासते. अशा गाडीत कितीही भारी तेल घातले तरी व्यर्थ. जुन्या जीपच्या एअर क्लीनरमध्ये खाली तेलाची वाटी असते. इंजिनाचे तेल बदलणारे पुष्कळ लोक ती वाटी वर्षानुवर्षे उघडत नाहीत. हंगामात ती महिन्याला साफ करावी.

कमी झाले तेवढे तेल वरून ओतणे म्हणजे तेल बदलणे नव्हे, हेही लक्षात ठेवावे. मळ खालीच राहतो.

बदलताना समोर उभे राहावे. गाडी थोडी फिरवून कोमट झाल्यावर सपाट जागी लावावी, म्हणजे मळ तेलाबरोबर निघतो. चेंबरचा नट सोडल्यावर तेल थेंबाथेंबाने येईपर्यंत थांबावे. नटाची वॉशर आणि फिल्टर दर वेळी नवे घालावे. "फिल्टर एकाआड चालतो" हे काटकसरीचे गणित खोटे आहे, कारण जुन्या फिल्टरमध्ये घाण तेल तसेच राहते. फिरकीच्या फिल्टरच्या रबरी कडीला बोटाने नवे तेल लावून तो हातानेच आवळावा, पान्याने नाही. आठशे किंवा ओम्नीला साधारण तीन लिटर तेल लागते, बोलेरोला पाच-सहा. पण ओतताना लिटर न मोजता पट्टीच्या दोन खुणा पाहाव्यात. वरच्या खुणेच्या पलीकडे भरले तर क्रँक त्यात आपटून फेस होतो आणि फेसाने वंगण होत नाही. शेवटी तारीख आणि किलोमीटरचा आकडा चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आत चिकटवावा.

नकली डबे आणि पक्के बिल

कंपनी इंडियन ऑईलची सर्वो असो, भारत पेट्रोलियमची मॅक असो, एचपी, कॅस्ट्रॉल, गल्फ किंवा आणखी कोणती असो, नंबर आणि दर्जा सारखा असेल तर फरक थोडा. फरक पडतो तो डब्यात खरोखर तेच तेल आहे की नाही याने. नामांकित कंपनीचे रिकामे डबे भंगारवाल्याकडे साध्या प्लास्टिकपेक्षा चढ्या भावाने जातात. का जातात, हे सांगायला नको. म्हणून रिकामा डबा गॅरेजमध्ये सोडू नये. आपल्यासमोर त्याला खिळ्याने दोन भोके पाडावीत आणि झाकण मोडून टाकावे. घेताना झाकणाची कडी अखंड आहे का, बॅच नंबर आणि तारीख पुसट तर नाही, आतील पत्र्याची सील चिकटवलेली वाटते का हे बघावे. छापील किमतीवर कोणी पस्तीस-चाळीस टक्के सूट देत असेल तर एवढी सूट त्याला कुठून परवडते, हा प्रश्न कापडाच्या व्यापाऱ्याला तरी पडला पाहिजे. सर्वांत सुरक्षित म्हणजे पेट्रोल पंप किंवा कंपनीचा नेमलेला विक्रेता.

आणि पक्के बिल घ्यावे. पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे, पण इंजिन ऑईल आत आहे, त्यावर १८ टक्के कर लागतो. गाडी माल वाहण्याची असेल, धंद्यासाठी वापरात असेल आणि आपण नियमित पद्धतीने जीएसटी भरत असाल तर तेल आणि दुरुस्तीवरील कराचे क्रेडिट मिळते. माणसे बसण्याच्या साध्या मोटारीला ते मिळत नाही, आणि कंपोझिशनमध्ये असलेल्यांनाही नाही. आपल्या गाडीची नोंद कशी आहे हे आरसीवर पाहून कर सल्लागाराला एकदा विचारून घ्यावे. पंधरा वर्षांनंतर आरसीचे नूतनीकरण करण्याची मोटारीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५००० रुपये झाली. म्हणजे जुनी गाडी ठेवणे आता पूर्वीसारखे स्वस्त राहिलेले नाही. इंजिन उघडले की खर्च पाच आकड्यांत जातो. तेल आणि फिल्टर वर्षातून दोनदा बदलूनही त्याच्या आसपास पोचत नाही.

काढलेले काळे तेल नीरा डाव्या कालव्यात, गटारात किंवा उसाच्या बांधावर ओतण्याची जी सवय पडली आहे ती फार वाईट आहे. त्याच कालव्याचे पाणी आपण पितो. दाराला, बाजेला लावण्यासाठी किंवा जनावरांच्या गोचिडांवर म्हणून लोक ते घरी नेतात. त्यातील जळणाचे अवशेष कातडीला सतत लागले तर कर्करोगाला कारण होऊ शकतात, तेव्हा लहान मुलांच्या हाती ते लागू देऊ नये. १ एप्रिल २०२४ पासून तेल बनविणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकण्यात आली आहे. त्याचे शुद्धीकरण करून पुन्हा तेल करता येते, म्हणून त्याला भावही आहे. काळे तेल पिंपात साठवून परवानाधारक गोळा करणाऱ्याला देणारे गॅरेज निवडावे. घरी बदलले असेल तर जुन्या कॅनमध्ये भरून, पाणी किंवा रॉकेल न मिसळता, त्याच गॅरेजच्या पिंपात नेऊन टाकावे.